डोळे कोरू नका!

गेल्या महिन्यात आमच्या घरात एकच वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकू येत होतं, ‘‘डोळा चोळू नकोस!’’ सौ.च्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा, ठरल्या वेळी थेंब, वाकायचं नाही, स्वयंपाकघरात फोडणीजवळ जायचं नाही, आणि मुख्य म्हणजे डोळा चोळायचा नाही. चाळीस वर्षं मला सूचना देत आलेल्या माणसाला सूचना देण्याची संधी मला पहिल्यांदाच मिळाली होती. ती मी वाया घालवली नाही हे कबूल करतो.

अशातच एका संध्याकाळी माझी भाची मामीला भेटायला आली. ही पुण्यातल्या एका भाषांतर करून देणाऱ्या कंपनीत स्पॅनिश ते इंग्रजी असं काम करते. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे ती रिकाम्या हातानं आली, पण लॅपटॉप मात्र घेऊन आली. मामीची चौकशी झाल्यावर तो उघडून माझ्यासमोर धरत म्हणाली, ‘‘मामा, हे वाच. आणि हसू नकोस.’’

पडद्यावर मेक्सिकोतल्या एका नेत्ररुग्णालयाचं पत्रक होतं. ऑपरेशननंतर घ्यायची काळजी. डाव्या बाजूला स्पॅनिश, उजव्या बाजूला यंत्रानं केलेलं इंग्रजी. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, ‘डू नॉट कार्व्ह युवर आइज’. म्हणजे मराठीत, ‘आपले डोळे कोरू नका’.

मी हसलो. सौ. हसली नाही. ती म्हणाली, ‘‘ज्याचं ऑपरेशन झालंय त्याला हे वाचायला लागलं तर?’’

भाचीचंही तेच म्हणणं होतं. चूक यंत्राची म्हणावी तर तशी नव्हती. कंपनीनं अशा कामांसाठी शब्दांची एक सूची करून ठेवली होती. ती सुरुवातीला तयार झाली लाकडी कोरीवकामाची निर्यात करणाऱ्या एका गिऱ्हाइकासाठी. त्या सूचीत एका स्पॅनिश क्रियापदापुढे ‘कोरणे’ असं एकदा लिहिलं गेलं, ते पुढच्या सगळ्या कामांत तसंच उतरत राहिलं. खुर्चीच्या पाठीवरची नक्षी आणि म्हातारीचा डोळा, दोन्हीला तेच. वरिष्ठ म्हणाले होते, सूचीत आहे ते बदलायचं असेल तर कारण लिहून द्या. कारण लिहायचं म्हणजे त्या शब्दाचा सगळा संसार उलगडून दाखवायचा. ‘‘तू आयुष्यभर कारणंच लिहिलीस ना बँकेत,’’ ती म्हणाली, ‘‘मला मदत कर.’’

तर त्या शब्दाची ही हकिगत.

स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार साधारण ‘तायार’ असा होतो. थोडं भरभर म्हटलं तर आपल्या ‘तयार’च्या शेजारी जाऊन बसतो. स्पेनमधली काही जुनी माणसं ‘ताल्यार’ म्हणतात, आणि अर्जेंटिनात ब्युनोस आयरिसला गेलात तर तोच शब्द ‘ताशार’ होतो. हे ऐकल्यावर मी उडालोच, कारण आपल्याकडे सुतार लाकूड ‘तासतो’. पण भाचीनं माझा आनंद फार टिकू दिला नाही. ‘तासणे’ आला संस्कृत ‘तक्ष्’ धातूवरून. त्याचे नातेवाईक ग्रीकमध्ये आहेत, तिथल्या सुताराला ‘तेक्तोन’ म्हणत आणि आपला ‘आर्किटेक्ट’ त्याच घराण्यातला. ‘तायार’चं घराणं लॅटिन आहे, वेगळं. सारखा आवाज म्हणजे नातं नव्हे.

स्पेनमध्ये या शब्दाचा पहिला मान लाकूड आणि दगड कोरणाऱ्याचा. तिथं देवाच्या लाकडी मूर्तीला सरळ ‘ताया’च म्हणतात, म्हणजे ‘कोरलेली’. वायादोलिद या शहरात सान ग्रेगोरियोच्या जुन्या विद्यालयाच्या इमारतीत स्पेनचं राष्ट्रीय शिल्पसंग्रहालय आहे, १९३३पासून त्याला राष्ट्रीय दर्जा आहे. तिथल्या मूर्ती संगमरवराच्या नाहीत, लाकडाच्या आहेत आणि अंगभर रंगवलेल्या आहेत. आपल्या गावच्या देवळातल्या रंगवलेल्या लाकडी मूर्ती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्या परक्या वाटू नयेत. गंमत अशी, की कोरणारा वेगळा आणि रंगवणारा वेगळा, असा तिथल्या कारागीर संघांचा नियम होता. सेव्हिलचा थोर मूर्तिकार हुआन मार्तिनेस मोन्तान्येस कोरायचा आणि फ्रान्सिस्को पाचेको रंगवायचा. हा पाचेको म्हणजे चित्रकार वेलास्केसचा गुरू आणि पुढे सासरा. १६०३ साली मोन्तान्येसनं एका क्रूसावरच्या येशूचा करार केला. त्यात अशी अट होती, की येशू जिवंत दिसला पाहिजे आणि पायाशी बसून प्रार्थना करणाऱ्या माणसाकडे तो बघतोय असं वाटलं पाहिजे. ती मूर्ती आजही सेव्हिलच्या कॅथीड्रलमध्ये आहे.

नजर कुठं पडावी याचाही करार! तेव्हा ‘डोळे कोरणे’ हे वाक्य अगदीच वेडगळ नाही. ते चुकीच्या खोलीत शिरलं एवढंच. वायादोलिदचा ग्रेगोरियो फर्नांदेस तर आपल्या मूर्तींना काचेचे डोळे, हस्तिदंती दात आणि शिंगाची नखं बसवायचा. त्याच्या कामाचं भाषांतर असतं तर सूचीतला शब्द चपखल बसला असता.

हाच शब्द पोर्तुगीजमध्ये ‘ताल्या’ होऊन गोव्याला आला. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या, म्हणजे १६०५मध्ये पवित्र केलेल्या बासिलिकेच्या, मुख्य वेदीसमोर आपण मान वर करून जे सोनेरी लाकडी कोरीवकाम बघतो, त्या प्रकाराचं पोर्तुगीज नाव ‘ताल्या दोउरादा’, सोनं चढवलेलं कोरीवकाम. मी ते तीनदा पाहिलं आहे. तिन्ही वेळा बरोबरची मंडळी झेवियरच्या पेटीकडे वळली आणि मी वेदीपाशी एकटाच राहिलो. त्या वेलबुट्टीवर इथल्या सुतारांचा हात फिरलेला आहे, हे माहीत असलं की पाय निघत नाही.

लाकडानंतर रत्नं. हिऱ्याला पैलू पाडणं हेही ‘तायार’च. इंग्रजीत त्यासाठी ‘कट’ म्हणतात, आपण ‘पाडणे’ म्हणतो. कोहिनूरला १८५२ साली लंडनमध्ये नव्यानं पैलू पाडले तेव्हा त्याचं वजन चाळीस टक्क्यांहून अधिक घटलं. पाडणे हा शब्द मराठीनं किती नेमका निवडला आहे!

आणि मग हा शब्द माणसाकडे वळतो. स्पॅनिशमध्ये माणसाची उंची म्हणजे ‘ताया’, कपड्याचं माप म्हणजेही ‘ताया’, आणि उंची मोजणं म्हणजे ‘तायार’. जुन्या काळी सक्तीच्या लष्करी सेवेसाठी गावातल्या पोरांना नगरपालिकेत उभं करून त्यांची उंची मोजत. कमी भरला तर सुटला. कुणाची आई त्या दिवशी नवस बोलत असेल आणि कशासाठी, याची कल्पना करावी. स्पेनमधली ही सक्ती २००१मध्ये संपली, पण भाषेत ती राहिली. एखादा माणूस कामाला पुरा पडला तर तिथं म्हणतात, त्यानं ‘ताया’ दिली. आपण म्हणतो कसाला उतरला. आपला कस सोन्याचा, त्यांचा उंचीचा. (इंग्रजी ‘टॉल’शी याचा संबंध असेल असं मला वाटलं होतं. तोही नाही. त्या संध्याकाळी माझे बरेच अंदाज पडले.)

त्यापुढचे अर्थ भाची वाचत गेली आणि माझे कान टवकारत गेले. ‘तायार’ म्हणजे किंमत ठरवणे, मूल्यांकन करणे. ‘तायार’ म्हणजे पत्त्यांच्या जुगारात पानं वाटणे, म्हणजेच ‘बँक’ चालवणे. ‘ताया’ म्हणजे कैद्याच्या सुटकेसाठी देऊ केलेली रक्कम. ‘दोन किखोते’ लिहिणारा सेर्व्हान्तेस १५७५मध्ये समुद्रावर पकडला गेला आणि पाच वर्षं अल्जियर्समध्ये कैदेत होता. १५८०मध्ये पाचशे सोन्याचे एस्कुदो भरून त्याला सोडवला, तेही धर्मगुरूंनी खटपट करून जमवलेले. मूल्यांकन, बँक, सुटकेची रक्कम. चौतीस वर्षं ज्या खुर्चीवर मी बसलो तिचा हा शब्द दूरचा सोयरा निघेल असं मला वाटलं नव्हतं.

सोयरीक खरीच होती. लॅटिनमध्ये ‘तालेआ’ म्हणजे कापलेली काठी, कलम करायला घेतात तसली फांदी. तिच्यावरून कापण्याचं क्रियापद तयार झालं. ते स्पेनमध्ये ‘तायार’ झालं, इटलीत ‘ताल्यारे’, फ्रान्समध्ये ‘तायेर’. फ्रेंचांनी कापड कापणाऱ्याला त्यावरून नाव दिलं, ते इंग्लंडात जाऊन ‘टेलर’ झालं. आपल्या गल्लीतल्या पाटीवरचा ‘अमुक टेलर्स’ हा शब्दार्थानं शिवणारा नाही, कापणारा आहे. आणि ज्यानं कधी झंपरचं कापड बेतायला दिलं असेल तिला विचारा, खरं काम कात्रीचंच असतं. शिलाई उसवता येते. इटालियन ‘ताल्यातेल्ले’ या नावाच्या लांब शेवया म्हणजे ‘कापलेल्या’. स्पॅनिशमध्ये शेवयांना ‘तायारिनेस’ म्हणतात तेही त्याच इटालियन कुळातलं. मोठ्या गाठोड्यातून तुकडे कापून विकणं ते ‘रीटेल’. एखादी गोष्ट बारीक बारीक कापून मांडणं ते ‘डीटेल’. इथं मला आपला ‘तपशील’ आठवला. तो अरबी ‘तफसील’वरून आला, आणि त्याच्या मुळाशी वेगळं करणं, विभागणं हा अर्थ आहे. त्याच अरबी क्रियापदाचा दुसरा अर्थ कपडा बेतणं! पॅरिसचा शिंपी आणि बगदादचा शिंपी यांनी एकमेकांना न विचारता एकच विचार केला.

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही १८१३ची कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना बेनेट कुटुंबाची अडचण ठाऊक असेल. पाच मुली, आणि घर-जमीन मात्र लांबच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार. त्या कायदेशीर व्यवस्थेला ‘एन्टेल’ म्हणत. वारसाहक्क कापून, ठरावीक मापात बसवून ठेवलेली इस्टेट. तेही ‘तायार’चंच भावंडं. पाच मुलींची लग्नं एका क्रियापदावर अडली होती म्हणा ना.

पण या घराण्यातला मला सर्वांत जवळचा शब्द म्हणजे ‘टॅली’. आज कॉमर्सच्या पोराला टॅली म्हणजे संगणकावर हिशेब ठेवायची आपल्याच देशातली प्रणाली वाटते. आमच्या वेळी दिवसाअखेर रोकड आणि वही ‘टॅली’ झाल्याशिवाय घरी जायला मिळत नसे. बारा पैशांचा फरक शोधत रात्रीचे साडेनऊ वाजलेले मला आठवतात. पण मुळात टॅली म्हणजे काठी. तीच ती ‘तालेआ’.

इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात बाराव्या शतकापासून पैशांची पावती कागदावर देत नसत, लाकडाच्या काठीवर देत. हेझल नावाच्या झाडाची काठी घ्यायची, तिच्यावर खाचा पाडायच्या. खाचेचं माप ठरलेलं. हजार पौंडांना तळहाताच्या रुंदीची, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. शिलिंगला त्याहून बारीक, आणि पेनीला नुसती सुरीची रेघ, लाकूड न काढता. मग ती काठी उभी चिरायची. दोन्ही भागांवर त्याच खाचा अर्ध्या अर्ध्या. लांब भाग पैसे भरणाऱ्याला, त्याचं नाव ‘स्टॉक’; आखूड भाग खजिन्यात, त्याचं नाव ‘फॉइल’. वाद झाला की दोन्ही जोडून बघायच्या. लाकडाच्या रेषा जुळल्या नाहीत तर कुणीतरी खोटं बोलतंय. लाकडाच्या रेषांची नक्कल करता येत नाही. मी बँकेत सह्या पडताळत एवढी वर्षं काढली, पण इतकी निर्धोक पावती पाहिली नाही. चेकबुकातलं ‘काउंटरफॉइल’ हा शब्द या काठीच्या अर्ध्या भागालाही लावत असत.

या काठ्या सहाशेहून अधिक वर्षं चालल्या. बंद करायचा कायदा १७८२मध्ये झाला, पण जुने अधिकारी पदावर असेपर्यंत थांबायचं ठरलं, म्हणून प्रत्यक्षात १८२६ उजाडलं. (सरकारी खात्यात काम केलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) मग साठलेल्या काठ्यांचं करायचं काय? गरिबांना सरपणाला वाटता आल्या असत्या. तसं न करता १६ ऑक्टोबर १८३४ला त्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांमध्ये घातल्या. धुराडी तापली, आग वर चढली, आणि रात्रीत इंग्लंडचं पार्लमेंट जळून गेलं. टर्नरनं त्या आगीची चित्रं काढली, डिकन्सनं पुढे एका भाषणात या मूर्खपणाची यथेच्छ टर उडवली.

आता एक इशारा. मराठीत हिशेब पडताळण्याला ‘ताळा’ म्हणतात, आणि वर्षाअखेरच्या पत्रकाला ‘ताळेबंद’. टॅली आणि ताळा! बँकेत असताना मी हे नातं शेकडा शंभर टक्के खरं मानून नव्या मुलांना सांगत असे. त्याला काही आधार नाही. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांची या निमित्तानं माफी मागतो.

आपल्या खिशातही या घराण्याचा एक शब्द आहे. शंभराची किंवा पाचशेची नोट काढून गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा, किंचित खरखरीत लागेल. त्या छपाईला ‘इन्टाल्यो’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘आत कोरलेलं’. धातूच्या पट्टीवर रेषा कोरतात, शाई त्या चरांत भरते, वरचा भाग पुसून घेतात आणि कागद जोरात दाबला की शाई उठून वर येते. स्पॅनिशमध्ये याला ‘ताया दुल्से’ म्हणतात, गोड कोरीवकाम. नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८पासून नोटा छापल्या जात आहेत. रोखपाल नोट मोजताना बघत नाही, त्याचं बोट बघतं. अंधांना नोट ओळखता यावी म्हणून केलेल्या खुणाही अशाच उठावाच्या आहेत.

नाशिकचा विषय निघाला आणि मी गप्प झालो. भाचीनं कारण विचारलं. तिला जे सांगितलं ते इथं लिहितो. लिहायचं टाळत आलो होतो.

१९८७मध्ये मी निफाड तालुक्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. वय एकोणतीस. गिरगावात वाढलेला. ‘कटिंग’ म्हणजे एक तर सलूनमध्ये किंवा चहाच्या टपरीवर, एवढंच ज्ञान. सप्टेंबरमध्ये एक म्हातारे बागायतदार कर्जाला आले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. दोन एकर द्राक्षबाग. अर्जात कर्जाचं कारण त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं, ‘गोडी छाटणी व पुढील खर्च’.

द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा वेल अगदी खरवडल्यासारखा मागे नेतात. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळासाठी. काडीवर जे कोंब दबलेले असतात त्यांना तिकडे ‘डोळे’ म्हणतात. कुठल्या डोळ्यात घड आहे हे ओळखून त्याच्या पुढे कात्री लावायची. एक डोळा अलीकडे कापलं तर घड गेला. हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं. रक्कम माझ्या अधिकाराबाहेरची होती, म्हणून प्रकरण इंग्रजीत करून विभागीय कार्यालयाला पाठवायचं होतं. ‘छाटणी’ला इंग्रजी शब्द ‘प्रूनिंग’, पण तो मला सुचला नाही. मी लिहिलं, ‘कटिंग ऑफ ग्रेप व्हाइन्स’.

दोन आठवड्यांनी कागद परत आला. वर लाल शाईत शेरा होता, की वेली तोडल्यावर तारण काय उरणार आणि परतफेड कशातून होणार याचा खुलासा करावा. तिकडच्या अधिकाऱ्याची काही चूक नव्हती. त्यानं मी लिहिलेलं वाचलं होतं. मी खुलासा पाठवला, टपाल गेलं, मध्ये दसरा आला, कुणी रजेवर गेलं.

छाटणी कुणासाठी थांबत नाही. उशीर झाला तर माल उशिरा बाजारात येतो, सगळ्यांचा येतो तेव्हा, आणि भाव पडलेला असतो. शिवाय छाटणीनंतर औषधं, खत, मजूर हा खर्च एकदम अंगावर येतो. अण्णा चार वेळा शाखेत आले. पाचव्या वेळी आले नाहीत. काकूंच्या पाटल्या मोडून आणि उरलेले शेकडा तीन रुपये महिना व्याजानं उचलून त्यांनी छाटणी केली होती, हे आमच्या शिपायाकडून कळलं. मी बागेत गेलो. त्यांनी मला पाणी दिलं, मग म्हणाले, ‘‘तुम्ही काय लिहिलं होतं ते वाचून दाखवा बरं.’’ मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘साहेब, बाग तोडायला कुणी कर्ज मागतं का?’’

कर्ज नोव्हेंबरच्या शेवटी मंजूर झालं. त्यातून त्यांनी सावकाराचं फेडलं. १९८९मध्ये माझी बदली झाली तोवर पाटल्या झालेल्या नव्हत्या.

नंतर मी कादंबऱ्या लिहिल्या. एका संपादकांनी माझ्या हस्तलिखिताची साठ पानं छाटली तेव्हा मी रागावलो होतो. पण ‘छाटली’ म्हणालो, ‘तोडली’ म्हणालो नाही. तेवढं शिकलो होतो.

मराठीत कापण्याला किती शब्द आहेत हे खरं तर प्रत्येक घरात माहीत असतं. कांदा चिरतात, पण आंब्याच्या फोडी करतात. वड्या पाडतात, शंकरपाळे कातणीनं कातायचे, नारळ खवायचा, मेथी खुडायची, ऊस तोडायचा, भात कापायचा, केस कापायचे पण मिशी कातरायची. विळीवर बसलेल्या बाईला कुणी ‘भेंडी तोड’ म्हणून बघावं. शब्द एवढे असूनही मी चुकलो. स्पॅनिशला तर एकाच शब्दात सगळं भरायचं होतं.

आता मेक्सिको. डोळे चोळण्याचा अर्थ तिथं कसा आला? उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात लेचुगिया नावाची घायपाताच्या जातीची काटेरी वनस्पती उगवते. तिची कोवळी पानं उपटून, लाकडावर ठेवून बोथट सुरीनं खरवडतात. गर निघून जातो, धागा उरतो. आपल्याकडे घायपातापासून वाख काढतात, तसंच. त्या धाग्याच्या दोऱ्या होतात, ब्रश होतात, अंग घासायच्या घासण्या होतात. पानं खरवडण्याच्या या कामाला म्हणतात ‘तायार’, आणि ते करणाऱ्याला ‘तायादोर’. स्पेनमध्ये याच शब्दाचा अर्थ कोरीवकाम करणारा. धारेचा शब्द असा खरवडण्यावर आला की घासण्यापर्यंत फार अंतर उरत नाही, असं आपलं माझं मत. मेक्सिकोत आज कपडे घासणं, फरशी घासणं, आंघोळीत पाठ चोळणं आणि झोपेतून उठून डोळे चोळणं, सगळ्यासाठी ‘तायार’. माद्रिदचा माणूस हे ऐकून दचकेल. मेक्सिकोतल्या आजीला मात्र पत्रकातलं वाक्य वाचायची गरजही नाही, तिला ते लहानपणापासून तोंडपाठ आहे.

भाचीनं माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून कारण लिहिलं. मी बँकेतल्या सवयीनं दोन वाक्यं कमी केली. सूचीत एका ओळीच्या जागी सात ओळी झाल्या: लाकूड वा दगड कोरणे; रत्नाला पैलू पाडणे; धातूवर कोरणे; उंची मोजणे; किंमत ठरवणे; पत्ते वाटणे; आणि मेक्सिकोचा कागद असेल तर घासणे, चोळणे. शेवटच्या ओळीपुढे तिनं लिहिलं, ‘वैद्यकीय मजकुरात फक्त हाच अर्थ. पत्रक छापण्यापूर्वी बदलावे. तातडीचे.’ आणि रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, बदल झाला म्हणून. तिनं विचारलं, ‘‘मामी कशी आहे?’’ मी आतल्या खोलीत डोकावलो. काळा चष्मा कपाळावर होता आणि उजवा हात डोळ्याकडे निघाला होता.